बाहुला आणि मूल



ओठ न हलवता बाहुल्याला बोलते करणे म्हणजे शब्दभ्रम. पाध्ये पितापुत्रांच्या अर्धवटरावामुळे ही कला महाराष्ट्राला परिचित आहे. पण ती डोळ्यांनी पाहायची गंमत! रेडिओवर ना ओठ दिसतात, ना बाहुला. मग तेथे तिचे काय काम?

अमेरिकेत डिसेंबर १९३६ मध्ये एडगर बर्गन आपला लाकडी चार्ली मॅकार्थी घेऊन रूडी व्हॅली यांच्या रेडिओ कार्यक्रमात आले. पुढच्याच वर्षी ही जोडी एका कॉफी कंपनीच्या साप्ताहिक कार्यक्रमाचे मुख्य आकर्षण ठरली आणि १९५६ पर्यंत रेडिओवर टिकली.

याचे रहस्य ओठांत नव्हते, स्वभावात होते. बर्गन सौम्य, समजावून सांगणारे. चार्ली खट्याळ, हजरजबाबी. बोलताना बर्गन यांचे ओठ हलत, आणि त्याबद्दल चार्लीच त्यांची भर कार्यक्रमात थट्टा करी! दोन्ही आवाज बर्गन यांचेच. तरीही श्रोत्यांना चार्ली स्वतंत्र व्यक्ती वाटे.

पालकहो, एका कलावंताने लाकडाच्या बाहुल्यालाही स्वतःचे मत दिले, आपले व्यंग दाखविण्याची मुभा दिली. आपण मात्र मुलाने प्रश्न विचारला की "गप्प बस" म्हणतो. वर्गातही आम्ही शिक्षक आमचीच वाक्ये मुलांकडून वदवून घेतो आणि त्याला गुण देतो. ही घोकंपट्टी म्हणजे शब्दभ्रमच, शिक्षण नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, पाठ्यपुस्तक जरूर वाचा. पण उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहा. बाहुल्याला दुसऱ्याचा आवाज लागतो. तुम्हाला स्वतःचा आहे.