मानवरहित याने, सरकारी अनुदान आणि आपले तरुण
(ज्ञातिमंडळाच्या सावंतवाडी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांकडे सोपविलेला विषय आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचा खरा. तथापि आपली अभियंते झालेली मुलेमुली सुटीत घरी येतात तेव्हा त्यांच्या तोंडी ड्रोन, चालकाविना चालणाऱ्या नौका हेच विषय असतात. या कामामागे सरकारचा पैसा कोणत्या अटींवर उभा आहे, हे त्यांच्या आईवडिलांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

पूर्वी सैन्याला लागणारी वस्तू घडविणे हे सरकारी कारखान्यांचे व बड्या कंपन्यांचेच काम समजले जाई. एप्रिल २०१८ मध्ये संरक्षण खात्याने ‘आयडेक्स’ योजना सुरू केली. सेनादले आपली अडचण जाहीर करतात. नवोदित कंपनी, लघुउद्योग, किंबहुना एकटा संशोधकही त्यावर तोडगा सुचवू शकतो. निवड झाल्यास नमुना घडविण्यास दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळते. मोठ्या कामांस २०२२ पासून दहा कोटींपर्यंत, तर २०२४ च्या ‘अदिती’ योजनेत पंचवीस कोटींपर्यंत साहाय्य आहे.

याचे फळ आपल्या समुद्रावरून गेलेले आहे. ‘सागर डिफेन्स इंजिनीअरिंग’ या कंपनीची ‘मातंगी’ नौका २०२४ च्या अखेरीस मुंबईहून तुतिकोरीनकडे सुमारे १,५०० किलोमीटरच्या सफरीवर निघाली. हा मार्ग मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यासमोरूनच जातो. चितारआळीत लाकडाला आकार देणाऱ्या हातांचे गाव आहे हे. यंत्राला आकार देणारे हात येथे निपजणार नाहीत, असे आम्ही तरी मानीत नाही.

आता अटींकडे वळू. आयडेक्सचे अनुदान खर्चाच्या निम्म्यापर्यंतच असते. उरलेला वाटा अर्जदाराने उभा करावयाचा. पैसाही एकदम हाती पडत नाही. कामाचा एक टप्पा पुरा झाला की पुढला हप्ता. नमुना पसंत पडला तरी सैन्याकडून खरेदी होण्यास आणखी काळ लोटतो. मुंबईच्या आयआयटीतील तरुणांनी २००७ साली काढलेल्या ‘आयडियाफोर्ज’ कंपनीस सैन्याची सुमारे दोन कोटी डॉलरांची मागणी मिळाली ती जानेवारी २०२१ मध्ये. आणि २०२४-२५ या वर्षी त्याच कंपनीस तोटा सोसावा लागला. सुटे भाग कोठून आणता, हेही बारकाईने पाहिले जाते. चिनी भागांच्या कारणावरून ४०० ड्रोनांचे करार २०२५ च्या फेब्रुवारीत रद्द झाले.

आमची चिंता त्या निम्म्या वाट्याची आहे. मुंबईच्या श्रीमंताचा मुलगा तो काकाकडून आणील. आपल्याकडे मात्र वडील माडा-पोफळीची बाग गहाण टाकतील, आणि पहिला हप्ता लांबला की घरात रडारड होईल. मुलीने असा बेत सांगितला तर बागेचा प्रश्नच येणार नाही, तिला लग्नाचे विचारले जाईल. हेही येथे स्पष्ट बोललेले बरे.

मंडळाचा शिक्षणनिधी आज केवळ पदवीपर्यंत कर्ज देतो. ज्याची वा जिची निवड अशा योजनेत झाली असेल, त्यांस निवडपत्र पाहून बिनव्याजी कर्ज द्यावे, फेड पहिल्या विक्रीनंतर सुरू करावी, आणि राहते घर वा बाग तारण घेऊ नये, असा ठराव आम्ही आजच्या सभेपुढे मांडीत आहो. रकमेची मर्यादा खजिनदारांनी सुचवावी. अर्जांचे हिशेब व मुदती तपासून देण्याचे काम आम्ही दर रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात करू.