दोन दुष्काळांची वाट



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण मंडळाच्या सहलीत जे पाहिले-ऐकले, ते चार शब्दांत सांगते.

शिरूरहून दोन गाड्या करून आपण निघालो आणि न्हावऱ्याच्या वाटेने घोडनदीकाठच्या इनामगावला गेलो. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी येथे नांदते गाव होते. लोक जव पिकवीत, धान्य साठवून ठेवीत. तान्हे मूल गेले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरीत. हे ऐकून आपण साऱ्या गप्प झालो. लेकराला दूर ठेवायला त्या माउलीचे मन धजले नसेल, हे बायकांना वेगळे सांगायला नको. पुढे पाऊसमान उणावले. ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि अखेर गाव उठले.

तेथून भीमा ओलांडून दौंड तालुक्यात केडगावला आलो. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा पंडिता रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. निराधार मुलींना घेऊन आल्या आणि केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभी केली. तेथे मुली वाचायला शिकल्या, विणायला शिकल्या, छापखान्यात खिळेही जुळवू लागल्या. एका दुष्काळाने गाव उठले, दुसऱ्यात एका बाईने शेकडो लेकींना घर दिले.

लढाया आणि राजे पुस्तकात आहेत, ते आपली मुले शिकतातच. पण १९७२ चा दुष्काळ आपल्या घरांतच आहे. माझ्या सासूबाई तेव्हा पोर झोळीत टाकून खडी फोडायला जात. सुकडी कशी वाटली जाई, लाल मिलोची भाकरी कशी चिरे, पाण्यासाठी रात्र विहिरीवर कशी काढली, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. त्या पिढीतल्या बाया आता थोड्याच उरल्या आहेत. त्या गेल्या की हे सांगणारे कोणी नाही. आणि मातीतून मडके निघते, बोलणे निघत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच, की या वर्षी प्रत्येकीने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका म्हातारीजवळ बसून तिच्या आठवणी लिहून घ्याव्यात. अक्षर कसेही असो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नातीला बसवावे. पुढच्या वर्धापनदिनी ती वही आपण मंडळात वाचू.