दवाखान्यात माणूस एकटा जात नाही
(बार्शीटाकळी येथील बैठकीतील भाषण)



बैठक कापसाची आणि आम्ही बोलणार दवाखान्याचं. कुणी म्हणेल, भावाचं बोला. पण कापसाचा पैसा ज्या वाटांनी घराबाहेर जातो, त्यातली एक वाट दवाखान्याची आहे, हे काय तुम्हाला सांगायला पाहिजे?

आपल्याकडे माणूस एकटा आजारी पडत नाही. रोग्याला गाडीत घातलं की सोबत सासू, भाऊ, शेजारचा एखादा आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी निघतात. दवाखान्याच्या हिशेबात मात्र रोगी एक, बाकी सगळी गर्दी.

मागे आमच्यातल्या एका बाईला शहरात नेलं. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, कधीपासून दुखतं? ती म्हणाली, ‘पऱ्हाटी पात्यावर आली तवापासून.’ साहेब वैतागले. तारीख सांग म्हणाले. ती गप्प झाली ती झालीच. आता तुम्हीच सांगा, तिचं काय चुकलं? इथल्या कोणत्याही पोरानं बोटावर आठवडे मोजून दिले असते! पण तिचं कुणीच त्या खोलीत नव्हतं. सगळ्यांना जिन्याखाली बसवलं होतं.

हे असंच असावं लागतं का? डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. तिथल्या गोंड लोकांना त्यांनी विचारलं, तुम्हाला दवाखान्याचं भ्या का वाटतं? लोक म्हणाले, तिथं सगळे पांढऱ्या कपड्यात असतात. पांढरं तर आम्ही मढ्यावर घालतो. शिवाय आमच्या माणसांना बाहेर काढतात. मग शोधग्रामला झोपड्यांच्या गावासारखा दवाखाना उभा राहिला. रोग्याचं माणूस रोग्याजवळ राहू लागलं. नाव ठेवलं दंतेश्वरी देवीचं.

आपल्या शेंडगावच्या गाडगेबाबांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा दवाखान्याचे कॅन्सरचे रोगी आपल्या माणसांसकट राहतात.

पण भावांनो, सगळं खापर दवाखान्यावर फोडून कसं चालेल? राणीताईंनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायांचा अभ्यास केला. १९८९ साली तो इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना बाईपणाचं काही ना काही दुखणं निघालं. त्याआधी त्यासाठी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त ८.

बाकीच्या का गेल्या नाहीत? लाज. पुरुष डॉक्टरला सांगायचं कसं? आणि जी सासू सोबत असली की धीर येतो, तीच शेजारी उभी असली की सुनेचं तोंड उघडत नाही. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, तरी ती ओटीत कापूस वेचत राहते. आम्ही कौतुकानं म्हणतो, मोठी सोशिक आहे. बैल लंगडला तर मात्र त्याच दिवशी ढोरांच्या डॉक्टरकडे धावतो.

म्हणून निवेदनात दोन मागण्या घातल्या आहेत. दवाखान्याच्या आवारात रोग्यांच्या माणसांसाठी पडवी आणि चूल, आणि बाजाराच्या दिवशी बाई डॉक्टर. तिसरी काय घालायची, ते मायबहिणींनी ठरवावं. तोवर आम्ही पुरुष मंडळी मंडपाबाहेर बसतो.