मारामारीचा सिनेमा, घरातली मालिका आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



चालकांनी मला सिनेमा आणि टेलिव्हिजन या विषयावर बोलण्यास सांगितले. मी या विषयातला जाणकार नाही. तिकीट काढून बसणारा आणि कंटाळा आला तर मध्यंतरात उठून घरी जाणारा साधा प्रेक्षक आहे. माझी मते त्याच बेताने ऐकावीत, ही विनंती.

पालकांना आधीच सांगून टाकतो, मारामारीचा सिनेमा मला आवडतो. दिवसभर मोंढ्यात पोती वाहणारा किंवा लोखंडाच्या कारखान्यात भट्टीपुढे राबणारा माणूस रात्री पडद्यावर जुलमी माणसाला मार खाताना पाहतो आणि त्याला बरे वाटते. यात गैर काय आहे? अन्याय करणाऱ्याला शिक्षा व्हावी ही इच्छा चांगलीच आहे. अडचण पुढे येते. सिनेमाला तीन तासांत सगळा हिशेब मिटवायचा असतो, म्हणून तो एका ठोशात मिटवतो. मार खाणाऱ्याचे दुसऱ्या दिवशी काय झाले, मारणाऱ्याच्या दारात कोण आले, हे दाखवायला त्याच्याजवळ वेळ नसतो.

'शोले'चेच उदाहरण घ्या. तो १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला. त्यातले गब्बरचे संवाद लहान पोरांनाही पाठ असतात. पण त्या सिनेमातली सर्वांत मोठी जागा कोणती, असे मला विचाराल तर ती हाणामारीची नाही. गावातल्या आंधळ्या इमामसाहेबांचा तरुण मुलगा अहमद नोकरीसाठी जबलपूरला निघतो. वाटेत गब्बर त्याला मारतो आणि त्याचे प्रेत घोड्यावरून गावात परत येते. कोणी बोलत नाही. म्हातारा बाप विचारतो की सगळे गप्प का आहेत. ए. के. हनगल आणि आपले सचिन पिळगावकर यांनी ती बापलेकाची कामे केली. मारामारीला शिट्ट्या वाजवणारे लोक इथे चिडीचूप होतात. बंदुकीची गोळी एका घराचे काय करते, ते त्या दोन मिनिटांत कळते.

या सिनेमाचा शेवटही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करतो. सेन्सॉरने ते मान्य केले नाही. ठाकूर स्वतः पोलीस अधिकारी राहिलेला माणूस, त्याने कायदा हातात घेऊ नये, म्हणून ऐनवेळी पोलीस येतात असा शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. मूळ शेवट असलेली प्रत २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे दाखवली गेली. यातला कोणता शेवट बरा, यावर घरी जेवताना मुलांशी वाद घाला. मुले काय बोलतात त्यावरून तुम्हाला बरेच कळेल.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी बोलतो. पडद्यावरचा ठोसा बहुधा लागतच नाही, त्याचा आवाज मागाहून भरतात. उडी मारणारा तर पुष्कळदा हीरो नसतोच. 'शोले'त बसंतीच्या टांग्याच्या पाठलागात हेमा मालिनींच्या जागी रेश्मा पठाण या बाईंनी काम केले. टांगा उलटला आणि त्या खरोखरच जखमी झाल्या. पुढे 'कुली'च्या वेळी, जुलै १९८२ मध्ये, बंगळूरला मारामारीचे दृश्य घेताना अमिताभ बच्चन यांच्या पोटाला असा मार बसला की ते मरणाच्या दारातून परत आले. १९८३ मध्ये सिनेमा आला तेव्हा त्या ठिकाणी चित्र थांबवून पडद्यावर तशी सूचना दिली होती. सगळी खबरदारी घेऊन, सराव करून केलेली खोटी मारामारी इतकी महाग पडते. मग चौकातली खरी किती महाग पडेल?

अठरा वर्षांच्या मुलाने चौकात कोणाचे तरी डोके फोडले तर पडद्यावर त्याला टाळ्या मिळाल्या असत्या. इथे गुन्हा नोंदवला जातो. अब्बा कामाचा दिवस बुडवून वकिलाकडे बसतात, अम्मी दागिना मोडते, परीक्षेच्या दिवसांत कोर्टाची तारीख येते. पोलीस भरतीला, पासपोर्टला, नोकरीला चारित्र्याची पडताळणी होते तेव्हा ते प्रकरण पुन्हा वर येते. ज्या घरात पहिलाच मुलगा कॉलेजात पोचला आहे, त्या घराला हे परवडत नाही.

मालिका मला यासाठी आवडते की तिच्यात दुसरा दिवस उजाडतो. मेक्सिकोत १९७५-७६ च्या सुमारास प्रौढांनी लिहावाचायला शिकावे या हेतूने एक मालिका दाखवली गेली आणि साक्षरता वर्गांत नाव घालणारे पुष्कळ वाढले. त्या अनुभवावरून आपल्याकडे ७ जुलै १९८४ पासून दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. तिचे लेखक मनोहर श्याम जोशी. बाप बसेसर राम दारू पितो आणि त्याची किंमत घरातले प्रत्येक माणूस भागाभागाने मोजते. शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी घरच्या वडीलधाऱ्यासारखे बोलत. ठोसा नव्हता, घोडा नव्हता, तरी लोक वाट पाहत.

अर्थात सगळ्या मालिका अशा नाहीत. सासू-सुनेची कारस्थाने वर्षानुवर्षे चालवणाऱ्या मालिकाही हिंसाच दाखवतात, फक्त तिच्यात रक्त दिसत नाही. मुलाला सिनेमाला जाऊ न देणाऱ्या घरात रोज संध्याकाळी हे चालत असेल, तर त्या बंदीला काय अर्थ?

आणखी एक सांगतो. या सर्व कथा कोणीतरी लिहिलेल्या आहेत. 'शोले' सलीम खान आणि जावेद अख्तर यांनी लिहिला. १९८८ ते १९९० या काळात गाजलेल्या 'महाभारत' मालिकेचे संवाद डॉ. राही मासूम रझा यांचे. ते गाजीपूरचे, अलीगढ विद्यापीठात शिकलेले आणि तेथेच शिकवलेले. आपल्या मुलामुलींनी हीरोची केशभूषा उचलली, तशी या लेखकांची अभ्यासाची सवयही उचलावी.

आता सिनेमा मुलाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे, म्हणून नुसत्या बंदीने काही साधणार नाही. पालकांनी आठवड्यातून एकदा तरी मुलांबरोबर बसून पाहावे आणि संपल्यावर एवढेच विचारावे, "बेटा, दुसऱ्या दिवशी यांच्या घरी काय झाले असेल?" शिक्षकांनी हाच प्रश्न निबंधाला द्यावा. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यांतले चांगले निबंध छापावेत, अशी चालकांना माझी सूचना आहे.