व्हाळाकाठची झाडी

आज बोलू या व्हाळाच्या काठावरल्या झाडीविषयी.

दोडामार्ग तालुक्यातल्या तिलारीच्या खोऱ्यातलं काही जंगल २०२० साली संवर्धन राखीव झालं. हे रान गोव्यातल्या म्हादईला आणि कर्नाटकातल्या भीमगडला जोडलेलं. वाघ, गवे, रानकुत्रे यातून ये-जा करतात. पण राखीव हद्दीबाहेर बऱ्याच ठिकाणी बागायती. तिथं जनावरांना आडोसा उरतो तो नदी-व्हाळाकाठच्या झाडीचाच.

शेकरूचंच बघा. ते सहसा जमिनीवर उतरत नाही, फांद्यांवरून उड्या घेत जातं. मधली चार झाडं तोडली की त्याला उतरावं लागतं, आणि खाली गावची कुत्री असतात. पाणमांजर काठच्या मुळांखालच्या पोकळीत पिल्लं वाढवतं. खडकावर माशांचे खवले, खेकड्यांची कवचं असलेली विष्ठा दिसली, तर समजा, त्याचा वावर आहे.

काजू लावताना आपण पार पाण्यापर्यंत साफ करतो. कशासाठी? दोन-चार कलमं जास्त बसतात म्हणून. मुळं गेलेला काठ पावसाळ्यात ढासळतो, तीच कलमं वाहून जातात. आडोसा गेला की गवा बागेतून वाट काढतो, मग ओरडतो आपणच.

सरपणाला वाळलेलं न्या, उभं झाड नको. पहाटे, तिन्हीसांजेला एकटीनं व्हाळावर जाऊ नका, ती वेळ त्यांची. काठचा पट्टा राखायचा विषय ग्रामसभेत काढा. जमीन स्वतःची असेल तर आधी घरात काढावा लागेल, आणि खरं सांगू, तेच जास्त अवघड आहे.