अंड्याची मनाई



मागच्या सभेत एका काकूंनी मला विचारले होते, "अ‍ॅलर्जी तपासायचे यंत्र तुमच्या दवाखान्याला घ्यायचे तर किती पैसे लागतील?" आज उत्तर देते.

सातपुड्यातल्या एका पाड्यावरून एक आई ४ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. पोराच्या बरगड्या मोजता येत होत्या. अंगाला खाज येते म्हणून शहरात कोणीतरी त्याचे रक्त तपासले होते आणि रिपोर्टात अंड्यापुढे खूण होती. तेव्हापासून ६ महिने अंडे बंद. अंगणवाडीत अमृत आहार योजनेचे अंडे बाकीची मुले खात, हा बघत बसे.

"अंडे खाल्ल्यावर याला काय व्हायचे?"

"काही नाही. आवडीने खायचा."

"बंद केल्यावर खाज थांबली?"

"नाही ना, डॉक्टरबाई."

निम्मे निदान तिथेच झाले. अशी अ‍ॅलर्जी बहुधा खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, धाप लागते. म्हणून काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, हे आधी विचारायचे, तपासणी नंतर. ती रक्ताची असते, किंवा हातावर पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून हलके टोचतात. १५-२० मिनिटांत ३ मिलिमीटर किंवा जास्त फुगवटा आला, तर ती पॉझिटिव्ह. पण पॉझिटिव्ह म्हणजे शरीर त्या पदार्थाला ओळखते, एवढेच. तो बाधतोच असे नाही. नुसत्या कागदावरून लेकराच्या तोंडचा घास काढू नये.

मी मुलाच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्या. खरूज! घरातल्या सगळ्यांनाच होती. सगळ्यांना औषध दिले.

तरी रिपोर्टाची शंका उरली होती, म्हणून अंडे दवाखान्यातच खाऊ घातले. अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवून आधी उकडलेल्या अंड्याचा कण, मग दर २० मिनिटांनी थोडे जास्त, आणि शेवटी दोन तास नजरेखाली. हे घरी कधीही करू नका. सुकट खाल्ल्यावर जिचे ओठ सुजून श्वास अडकला, अशा बाईला मीसुद्धा पुन्हा सुकट खाऊ घालणार नाही.

तेव्हा काकू, यंत्र नको. या एका मुलासाठी अर्धा दिवस एक खाट आणि एक सिस्टर अडकली होती. तेवढी सोय झाली तर पुष्कळ.

मुलाने अंडे संपवले आणि दुसरे मागितले. ते मात्र मी त्या दिवशी दिले नाही.