अंतुले निवाडा : चाळीस वर्षांचा दाखला

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



१९८०-८१ सालचा महाराष्ट्र ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सिमेंट म्हटलं की काय आठवतं, हे मी सांगायला नको. मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांनी स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या आणि बिल्डरांना झालेलं सिमेंटवाटप यांची सांगड आहे, असा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये काढला आणि अंतुले पायउतार झाले. हे राजकारण पुष्कळांना ठाऊक आहे. त्यातून निघालेला फौजदारी खटला आणि त्यातला कायद्याचा वारसा मात्र वकिलांच्या कपाटातच राहिला. तो तुमच्यासमोर मांडावा, म्हणून मी आज उभा आहे.

भाजपचे रामदास नायक यांनी विशेष न्यायाधीशांपुढे खासगी फिर्याद दाखल केली. बचाव पक्षाचे मुख्य आक्षेप दोन. पहिला असा, की भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात पोलिसांच्या अहवालाशिवाय विशेष न्यायाधीशांना दखल घेता येत नाही, सामान्य नागरिकाची फिर्याद चालत नाही. दुसरा असा, की अंतुले मुख्यमंत्री नसले तरी आमदार आहेत, आमदार लोकसेवक आहे, म्हणून खटल्याला पूर्वमंजुरी हवी.

१६ फेब्रुवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी दोन्ही आक्षेप फेटाळले. निकालपत्रं न्या. डी. ए. देसाई यांची. गुन्हा हा समाजाविरुद्ध असतो, म्हणून कायद्याने स्पष्ट मनाई केली नसेल तर कुणीही नागरिक फौजदारी कायद्याचं चाक फिरवू शकतो, हे पहिलं उत्तर. दुसरं उत्तर असं, की आमदार लोकसेवकच नाही; आणि असता तरी इथे मंजुरी लागली नसती. हे दाखवायला न्यायमूर्तींनी एक उदाहरण घेतलं. समजा, एका मंत्र्याने मंत्रिपद वापरून पैसे खाल्ले आणि पुढे तो नगराध्यक्ष झाला. मग त्याला नगराध्यक्षपदावरून काढण्याचा अधिकार ज्याला, त्याची मंजुरी मागायची? त्या अधिकाऱ्याला मंत्रालयातल्या व्यवहाराची काय माहिती असणार? असा अर्थ लावला तर आरोपीला या खुर्चीवरून त्या खुर्चीवर हलवत राहायचं, की खटला कधीच उभा राहणार नाही. म्हणून ज्या पदाचा दुरुपयोग झाला, मंजुरी त्या पदाशी निगडित. ते पद सुटलं की ढाल सुटली.

पुढच्या न्यायालयांनी या निवाड्याचं काय केलं?

पंजाबचे प्रकाशसिंह बादल यांच्या प्रकरणात २००६ साली हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयात आला, २०११ साली हरियाणाच्या अभयसिंह चौटालांच्या प्रकरणात पुन्हा आला. वकिलांचा युक्तिवाद तयार होता : अंतुले निवाड्यात आमदार लोकसेवकच नाही असं ठरल्यावर मंजुरीचं विवेचन अनावश्यक होतं. ती ओघातली टिप्पणी, ती बंधनकारक कशी? चौटाला प्रकरणाचं निकालपत्र लिहिलं नागपूरच्या वकिलीतून घडलेल्या न्या. विकास सिरपूरकर यांनी. त्यांनी हा युक्तिवाद मानला नाही. पद आणि दुरुपयोग यांचं नातं हा त्या निवाड्याच्या विचाराचाच भाग आहे, हे धरून त्यांनी तो पुढे नेला. तत्त्व पंजाब-हरियाणात पोचलं ते नगराध्यक्षाच्या उदाहरणामागच्या कारणाच्या बळावर.

नागरिकाच्या फिर्यादीचं तत्त्वही असंच चाललं. दूरसंचारमंत्री ए. राजा यांच्यावरील खटल्यासाठी सुब्रमण्यम स्वामी यांनी पंतप्रधानांकडे मंजुरी मागितली, तेव्हा त्यांना मुळात हा अधिकार काय, असा प्रश्न निघाला. ३१ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या निवाड्याचाच आधार घेऊन सांगितलं, नागरिकाला अधिकार आहे. आणि मंजुरीचा अर्ज महिनोन्‌महिने दाबून ठेवता येणार नाही.

त्याच निवाड्याचे काही भाग मात्र टिकले नाहीत, आणि तेही तितक्याच काळजीने पाहायला हवेत. आमदार लोकसेवक नाही, हा निष्कर्ष जुन्या व्याख्येवर उभा होता; आमदाराचं मानधन म्हणजे कार्यकारी शासनाचा पगार नव्हे, असं ते विवेचन होतं. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने व्याख्या रुंदावली आणि १९९८ साली नरसिंह राव खटल्यात खासदार-आमदार लोकसेवक ठरले. त्याच निकालाने सभागृहातल्या मतासाठी लाच घेणाऱ्यांना दिलेलं संरक्षण काढून घ्यायला मात्र ४ मार्च २०२४ उजाडावा लागला. सीता सोरेन प्रकरणात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या सात जणांच्या पीठाने ते एकमताने काढून घेतलं. मधली जवळपास सव्वीस वर्षं खालच्या न्यायालयांना तो दाखला बांधून होता. चुकीच्या दाखल्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

१९८४ साली खटला थेट उच्च न्यायालयाकडे वर्ग करण्याचा आदेशही झाला होता. २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तो मागे घेतला. कायद्याने विशेष न्यायाधीश नेमून दिला असताना आरोपीचा हक्क न्यायालयाच्याच आदेशाने डावलला गेला, आणि न्यायालयाच्या कृतीने कुणाचं नुकसान होता कामा नये, असं ते म्हणालं. अंतुले यांच्यावर दोष कधी सिद्ध झाला नाही, हेही इथे स्वच्छ सांगितलं पाहिजे. भ्रष्टाचाराची चीड असली तरी कार्यपद्धती मोडायची मुभा मिळत नाही, हा धडा त्याच खटल्याने दिला.

शेवटी संसदेनेही हात घातला. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीने पद सोडलेल्या लोकसेवकालाही मंजुरीचं संरक्षण दिलं. त्यामुळे आज निवृत्त अधिकाऱ्याविरुद्ध कुणी १९८४ चं वाक्य जसंच्या तसं न्यायालयात वाचून दाखवलं, तर ते अपुरं ठरेल. मात्र नवं कलमही गुन्ह्याच्या वेळी धारण केलेल्या पदाकडेच बोट दाखवतं आणि खासगी फिर्यादीचा मार्गही अटी घालून का होईना, मान्य करतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. दाखला म्हणजे कोटेशन नव्हे. जुना निवाडा हाती घेताना तीन गोष्टी विचाराव्यात : न्यायालयापुढे प्रश्न कोणता होता, उत्तर कोणत्या कारणावर उभं होतं आणि ते कारण ज्या कायद्यावर उभं होतं तो कायदा आज तसाच आहे का? आमच्या विधी महाविद्यालयांत निकालाचं नाव आणि साल पाठ करून घेतलं जातं, कारण विचारलं जात नाही. हे बदलायला हवं. पण हे काम केवळ वकिलांवर सोडू नका. सत्तेवरच्या माणसाविरुद्ध दाद मागण्याचा तुमचा हक्क या निवाड्यांत लिहिलेला आहे. निकालपत्रं आज सर्वांना वाचायला खुली आहेत. ती वाचा, आणि पुढच्या वेळी ‘हे न्यायालयानेच सांगितलंय’ असं कुणी ठणकावलं, तर त्याला विचारा : सांगितलं खरं, पण का सांगितलं?